जुन्या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कसा लावावा

कुलमुखत्यारपत्राच्या सुरुवातीलाच बऱ्याचदा 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स' असे छापलेले असते. त्यातल्या 'प्रेझेंट्स'चा भेटवस्तूंशी काही संबंध नाही. 'हा प्रस्तुत दस्त' एवढाच त्याचा अर्थ. भाडेपट्ट्यातला 'डिमाइज' म्हणजे मृत्यू नव्हे, जागा पट्ट्याने देणे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधले 'हझबंडमेन' हे कुणाचे नवरे नाहीत, शेतकरी आहेत. यातला एकही शब्द दिसायला अवघड नाही, आणि गोची तिथेच होते. अनोळखी शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. ओळखीचा दिसला की उघडतच नाही, आणि आजचा अर्थ दोनशे वर्षांपूर्वीच्या वाक्याला चिकटवून मोकळा होतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. बहुतेक लोक पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे थेट कोशापासून सुरुवात करतात आणि चुकीच्या नोंदीवर जाऊन थांबतात.

## तयारी

एक वही किंवा साधी एक्सेल शीट घ्या आणि सहा रकाने आखा: पूर्ण वाक्य, लिहिल्याचे साल, मजकुराचा प्रकार, शब्दाचे मूळ रूप, अर्थ व तो कोणत्या कोशात कितव्या क्रमांकावर मिळाला, मराठी प्रतिशब्द. पाचवा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो रिकामा ठेवलात तर महिन्याभराने आपलीच नोंद पडताळता येत नाही.

मोबाइलवरचा इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामासाठी बंद ठेवा. तो आजच्या इंग्रजीसाठी बनवलेला आहे. भाषांतराच्या यंत्राचेही तेच. चॅटमध्ये उत्तर देणाऱ्या यंत्राला विचारायचेच असेल तर सातव्या टप्प्यानंतर विचारा, आणि त्याने दिलेले अवतरण मूळ ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत घेऊ नका.

## १. पूर्ण वाक्य उतरवा आणि साल ठरवा

नुसता शब्द टिपू नका. आधीच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत सगळे वाक्य उतरवा. जुनी वाक्ये लांबलचक असतात, आठ-आठ ओळींची. तरी पूर्ण घ्या, कारण क्रियापद अनेकदा सहाव्या ओळीत येते.

मग साल. इथे दोन साले असतात आणि लोक चुकीचे उचलतात. हातातली आवृत्ती १९६५ची असेल, पण मजकूर १६११ सालच्या बायबलच्या भाषांतरातला असेल तर तुमचे साल १६११. उलट, एखादी कादंबरी शिवकाळात घडते पण लिहिली गेली १८६०मध्ये, तर तिची भाषा १८६०ची धरायची.

सालावरून भाषेचा थर ठरतो. ढोबळ हिशोब असा: साधारण ११५०पर्यंत ओल्ड इंग्लिश, तिथून १५००पर्यंत मिडल इंग्लिश, आणि १५०० ते १७०० अर्ली मॉडर्न. शेक्सपिअरचे इंग्रजी 'ओल्ड इंग्लिश' आहे असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे. शेक्सपिअर अर्ली मॉडर्न थरातला. ओल्ड इंग्लिश आजच्या इंग्रजी वाचकालाही स्वतंत्र भाषेसारखे शिकावे लागते. हा फरक नुसता नावाचा नाही: थर चुकला की कोशही चुकतो.

तपासणी: वाक्याशेजारी चार अंकी साल, निदान 'सुमारे १७९०' असे लिहिले गेले का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. अक्षरे तपासा

कित्येक 'दुर्मीळ शब्द' हे शब्दच नसतात, वाचनाची चूक असते.

सुमारे १८००पर्यंतच्या छपाईत 'एस' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब काठीसारखे छापत. ते हुबेहूब 'एफ'सारखे दिसते. फरक एवढाच की 'एफ'ची आडवी रेघ दोन्ही बाजूंना जाते, या लांब 'एस'ची फार तर डावीकडे थोडी असते, कधी नसतेच. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचा वळणदार 'एस' असतो. त्यामुळे 'सच'चा 'फच' होतो, 'सेम'चा 'फेम'. 'फच' निदान निरर्थक आहे, म्हणून चूक लक्षात येते. 'फेम' हा खराखुरा शब्द आहे, कीर्ती या अर्थाचा, म्हणून तो निसटतो. स्कॅन केलेल्या पुस्तकातून यंत्राने काढलेला मजकूर वाचत असाल तर 'एफ' असलेला प्रत्येक संशयास्पद शब्द मूळ पानाच्या चित्रावर जाऊन पाहा.

साधारण १६३०पर्यंतच्या छपाईत 'यू' आणि 'व्ही' यांची अदलाबदल होते. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही' आणि मध्ये 'यू', मग उच्चार काहीही असो. 'आय' आणि 'जे' यांचेही तसेच: 'जुलै'ची सुरुवात 'आय'ने दिसेल.

दुकानाच्या पाटीवरचा 'ये ओल्ड' हा प्रकारही इथलाच. त्यातला 'ये' म्हणजे 'द' हे उपपदच. 'थ'साठी इंग्रजीत पूर्वी वेगळे अक्षर होते. हाताने लिहिताना ते 'वाय'सारखे दिसू लागले आणि छापखान्यांनी 'वाय'च वापरला. उच्चार 'द' असाच करायचा. 'तुम्ही' या अर्थाचा 'ये' हा निराळा शब्द आहे. दोन्ही एकाच पानावर येऊ शकतात.

वर्णलेखनातले किरकोळ फरक, म्हणजे 'पब्लिक'च्या शेवटी जादा 'के' किंवा 'शो'मध्ये 'ओ'ऐवजी 'ई', हे सरळ आजच्या रूपात बदलून घ्या. त्यात अर्थाचा फरक नाही.

## ३. व्याकरणाचे टरफल काढा

कोशात शब्द मूळ रूपाने सापडतो, वाक्यात तो प्रत्यय लेवून येतो. 'थाऊ' म्हणजे 'तू', त्याच्याबरोबरच्या क्रियापदाला 'एस्ट' लागतो, 'ही' किंवा 'शी'बरोबरच्याला 'एथ'. 'हॅथ' म्हणजे 'हॅज', 'डथ' म्हणजे 'डज'. 'स्पेक' हा 'स्पीक'चा आणि 'होल्प' हा 'हेल्प'चा भूतकाळ. 'वॉट' आणि 'विस्ट' ही 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदाची रूपे, पहिले वर्तमानकाळाचे आणि दुसरे भूतकाळाचे.

'ही इज कम' असे दिसले तर छपाईची चूक समजू नका. गतिवाचक क्रियापदांना तेव्हा 'हॅव्ह'ऐवजी 'बी' लागे. मराठी माणसाला हे सोपे जावे, कारण 'तो आला आहे' ही आपली रचना तशीच आहे.

'हिज'कडेही लक्ष ठेवा. १६११च्या बायबलमध्ये मिठाची चव गेली तर, या वाक्यात मिठासाठी 'हिज' आहे. वाचक तिथे 'हा पुरुष कोण' म्हणून शोधत बसतो. निर्जीव वस्तूसाठी 'इट्स' तेव्हा नुकते कुठे रुळत होते. 'हिज' म्हणजे इथे 'त्याची', मिठाची.

आणि छोटे शब्द. यांच्यावर कुणी कोश उघडत नाही, आणि सबंध वाक्य यांच्यापायीच उलटते:

- 'विदाउट' म्हणजे बाहेर. 'विदाउट द सिटी वॉल' म्हणजे तटाशिवाय नव्हे, गावकुसाबाहेर. किल्ल्यांच्या जुन्या वर्णनांत 'विदाउट द फोर्ट' आले की अर्थ किल्ल्याबाहेर.
- 'स्टिल' म्हणजे सतत, नेहमी.
- 'अॅन' म्हणजे कधीकधी 'जर'.
- 'बट' म्हणजे 'फक्त' किंवा 'खेरीज'.
- 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. ज्युलिएट सज्जातून रोमिओला 'तू कुठे आहेस' असे विचारत नाही. 'तू रोमिओच का आहेस' असे विचारते, कारण त्याचे नाव शत्रूच्या घराण्याचे आहे. 'कुठे' असा अर्थ घेतला की पुढची नावाविषयीची सगळी ओळ अधांतरी राहते.

इशारा: छोटा शब्द नीट लागला नसेल तर मोठ्या शब्दाचा अर्थ कितीही अचूक काढा, वाक्य खोटेच राहील.

## ४. फसव्या ओळखीच्या शब्दांवर खूण करा

आता पेन्सिल घेऊन वाक्यातल्या ज्या ओळखीच्या शब्दाने आजचा अर्थ थोडाही अडखळतो त्याखाली रेघ मारा. अवघड शब्द आपोआप दिसतात, त्यांच्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

१६११चे बायबल आणि त्या काळची नाटके वाचताना पुढचे शब्द हमखास आडवे येतात. 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न; तिथला 'मीट ऑफरिंग' हा पीठ आणि तेलाचा नैवेद्य आहे, त्यात मांसाचा तुकडा नाही. 'सफर' म्हणजे होऊ देणे: लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, या वाक्यात तोच आहे. 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी जाणे, पुढे निघणे. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक. 'क्विक' म्हणजे जिवंत. नखाखालच्या जिवंत मांसालाही इंग्रजीत 'क्विक' म्हणतात, आणि 'कट टू द क्विक' या प्रयोगात तो जुना अर्थ अजून धडधाकट आहे. मराठीत त्याला 'जिव्हारी लागणे' याहून नेमके काही सापडणार नाही.

'वाँट' म्हणजे उणीव असणे. मेंढपाळाच्या स्तोत्रातले 'आय शॅल नॉट वाँट' म्हणजे 'मला काही उणे पडणार नाही'. 'मला नको' असा अर्थ केला तर स्तोत्राची भावनाच उलटी होते.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत 'टू मेक लव्ह' म्हणजे गोड बोलून प्रणयाराधन करणे, त्यात शरीरसंबंध अभिप्रेत नाही. 'इंटरकोर्स' म्हणजे दळणवळण, येणेजाणे. 'कँडिड' म्हणजे दुसऱ्याविषयी उदारपणे बोलणारा. 'सेन्सिबल ऑफ' म्हणजे जाणीव असलेला. 'लिव्हिंग' म्हणजे पाद्र्याची उत्पन्न असलेली जागा. 'मदर-इन-लॉ' हा शब्द त्या काळात सावत्र आईलाही लावत, म्हणून नात्यांचा गुंता सुटत नसेल तर तिथे पाहा. 'कझिन' तर शेक्सपिअरकाळी कोणत्याही नातलगाला म्हणत. हॅम्लेटचा काका त्याला 'कझिन' म्हणूनच हाक मारतो.

नोंदवह्या आणि थडग्यांवरचे लेख वाचणाऱ्यांसाठी: 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. 'एग्यू' म्हणजे थंडीताप, 'कन्झम्प्शन' म्हणजे क्षय, 'ब्लडी फ्लक्स' म्हणजे रक्ताची आव, 'किंग्ज ईव्हिल' म्हणजे गंडमाळ, 'मॉर्टिफिकेशन' म्हणजे अंग सडणे. 'फिजिक' म्हणजे औषध, आणि अनेकदा रेचक.

आपल्याकडच्या इतिहासाची इंग्रजी कागदपत्रे वाचताना तर हा टप्पा वगळणे परवडतच नाही. ईस्ट इंडिया कंपनीची 'फॅक्टरी' म्हणजे कारखाना नव्हे, वखार. 'फॅक्टर' म्हणजे वखारीतला व्यापारी अधिकारी आणि 'रायटर' म्हणजे त्याच्या खालचा कारकून. १६६१मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने राजापूरची जी 'फॅक्टरी' घेतली तिथे यंत्रे नव्हती, माल होता. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे शेअर बाजारातली गुंतवणूक नव्हे, तर विलायतेला पाठवण्यासाठी खरेदी केलेला माल. 'इंटेलिजन्स' म्हणजे बातमी. 'कंट्री' हे विशेषण लागले की अर्थ देशी, जसे आजही देशी दारूला 'कंट्री लिकर' म्हणतात.

'अ कँडी ऑफ राइस' वाचून गोळ्या-चॉकलेट आठवू नये. ही आपली खंडी. मुंबईची कँडी ५६० पौंडांची आणि मद्रासची ५०० पौंडांची धरत, म्हणून माप मराठीत आणताना गावाचे नाव पाहिल्याशिवाय किलोत रूपांतर करू नका.

'पल्स' म्हणजे नाडी हा अर्थ शेतीच्या प्रकरणात नेऊ नका. तिथे ते कडधान्य आहे. 'कॉर्न'ही तसाच घातकी आहे. इंग्लंडमध्ये तो बहुधा गहू, स्कॉटलंडमध्ये ओट, अमेरिकेत मका, आणि जुन्या पुस्तकांत नुसतेच धान्य. 'कॉर्न' दिसला म्हणून सतराव्या शतकातल्या इंग्लिश शेतात मक्याची कणसे उभी करणारी भाषांतरे झाली आहेत.

तपासणी: वाक्यात एकही रेघ मारली गेली नसेल आणि मजकूर १८५०पूर्वीचा असेल, तर पुन्हा वाचा.

## ५. काळाला जुळणारा कोश घ्या

सगळ्यांत मोठा आधार ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. लक्षात घ्या, ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश वेगळा आणि हा ऐतिहासिक कोश वेगळा. याचा पहिला भाग १८८४मध्ये निघाला, काम १९२८मध्ये पुरे झाले, आणि १९८९ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती घेतली आहे का ते विचारा. पहिल्या आवृत्तीचे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुरासाठी ते पुष्कळदा पुरतात.

मजकूर साधारण १५८० ते १७५० या काळातला असेल तर सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश उघडा, कारण त्याने अवतरणे याच काळातून उचलली. अमेरिकी मजकूर किंवा १६११चे बायबल असेल तर नोआ वेब्स्टरचा १८२८चा कोश सोयीचा. त्यात बायबलमधली उदाहरणे भरपूर आहेत. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. १५००पूर्वीसाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी, त्याहून जुन्यासाठी बॉसवर्थ-टॉलर. यॉर्कशरसारख्या भागातली बोली असेल तर जोसेफ राइटची सहा खंडांची इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी. बोलीतला शब्द 'जुना' समजून ऐतिहासिक कोशात शोधण्यात लोक तास घालवतात.

हिंदुस्थानाशी संबंधित मजकुरासाठी तीन पुस्तके हाताशी हवीत: यूल आणि बर्नेल यांचे हॉब्सन-जॉब्सन, शक्यतो क्रुकने संपादित केलेली १९०३ची आवृत्ती, महसूल आणि न्यायालयीन शब्दांसाठी विल्सनचा १८५५चा कोश, आणि मोल्सवर्थने सुरू करून कँडीने पुरा केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश. या तिसऱ्या कोशाचा उपयोग फार कमी लोक करतात, याचे वाईट वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणत, हे तिथे सरळ लिहिलेले सापडते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळामुळे आता रोज वापरला जातो. तो वापरताना एक भान हवे: त्यातले मराठी जसे जुने, तसेच इंग्रजीही जुने. तिथे 'पल्स' आले तर कडधान्य, 'कॉर्न' आले तर धान्य. मराठी शब्दाचा अर्थ बघायला जाऊन इंग्रजीत फसू नका.

## ६. नोंद वाचा, पहिला अर्थ उचलू नका

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणि मेरिअम-वेब्स्टरमध्ये अर्थ कालक्रमाने लावलेले असतात: सगळ्यात जुना पहिला. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत नेमके उलटे, सगळ्यात वापरातला पहिला. हे माहीत नसल्यामुळे एका कोशात हमखास जुना आणि दुसऱ्यात हमखास नवा अर्थ उचलला जातो.

नोंद उघडल्यावर हा क्रम ठेवा. आधी पाहा की त्या वर्णलेखनाच्या किती स्वतंत्र नोंदी आहेत. मग शब्दाची जात जुळवा, नाम की क्रियापद. मग प्रत्येक अर्थाखालची अवतरणे पाहा. त्यांच्या आधी साल दिलेले असते. पहिले आणि शेवटचे साल यांच्यामध्ये तुमचे साल बसते का? बसत नसेल तर तो अर्थ बाजूला ठेवा, कितीही आवडला तरी. छापील खंडांत अर्थाच्या आधी उभी कट्यार छापलेली असेल तर तो अर्थ वापरातून गेला आहे. 'आर्केइक' म्हणजे जुनाट पण अजून समजणारा, 'ऑब्सोलीट' म्हणजे लुप्त, 'रेअर' म्हणजे विरळा. विरळा शब्द जुना असेलच असे नाही.

'नाईस' या एका शब्दावर हा सराव करून पाहा. सुरुवातीला मूर्ख, मग नाजूक-चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि अठराव्या शतकात येऊन छान. 'अ नाईस डिस्टिंक्शन' म्हणजे आजही सूक्ष्म भेद. 'प्रेझेंटली'चा प्रवास असाच: शेक्सपिअरकडे 'ताबडतोब', पुढे 'थोड्या वेळाने'. नाटकातला राजा 'प्रेझेंटली' या म्हणाला तर दूताला जेवून निघायची सवलत नाही.

इशारा: व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. लॅटिनचे तुकडे जोडून अंदाज बांधणे ही सवय शिकलेल्या माणसांत जास्त दिसते. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. तो पदार्थ पेट घेतोच.

## ७. वाक्यात बसवा आणि दुसरा पुरावा शोधा

निवडलेला अर्थ मूळ वाक्यात शब्दाच्या जागी ठेवून मोठ्याने वाचा. मग पुढची दोन वाक्ये वाचा. अर्थ बरोबर असेल तर ती दोन्ही सुरळीत लागतात. ओढूनताणून लावावी लागली तर सहाव्या टप्प्यावर परत.

त्यानंतर एक तरी स्वतंत्र पुरावा: त्याच लेखकाचे दुसरे वाक्य, किंवा आगेमागे तीस वर्षांतले दुसऱ्याचे वाक्य. एकाच कोशातून दोन संकेतस्थळांनी उचललेला मजकूर म्हणजे दोन पुरावे नव्हेत.

कोशही चुकतात. वेब्स्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' असा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. खरे तर ती 'डी' या अक्षराच्या संक्षेपाची चिठ्ठी होती, 'मोठा डी किंवा लहान डी' असे सांगणारी. कुणीतरी ती अक्षरे एकत्र वाचली. चूक लक्षात आली १९३९मध्ये. 'पॉश' या शब्दाची गोष्टही अशीच फिरत असते: विलायत-मुंबई बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची खोली घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावरची आद्याक्षरे म्हणे. अशा तिकिटाचा पुरावा मिळालेला नाही. शब्दामागची गोष्ट जितकी चटपटीत, तितकी ती वहीत उशिरा लिहावी.

## ८. मराठी प्रतिशब्द निवडा

अर्थ कळला म्हणजे शब्द मिळाला असे नाही. आधी ठरवा की मूळ शब्द त्याच्या काळात जुनाट वाटत होता की रोजचा. रोजचा असेल तर मराठीतही रोजचाच द्या. १७२०च्या साध्या पत्राला बखरीची भाषा चढवली की पत्र लिहिणारा माणूस हरवतो.

'थाऊ'चा प्रश्न सगळ्यांना पडतो. प्रार्थनेत ऐकल्यामुळे तो आदरार्थी आहे असा पक्का समज आहे. प्रत्यक्षात तो एकवचनी, सलगीचा: आपला 'तू'. देवाला 'थाऊ' म्हणणे म्हणजे विठ्ठलाला 'तू' म्हणणे. आणि मोठ्या माणसाला 'थाऊ' म्हटले की तो अपमान. शेक्सपिअरच्या ट्वेल्फ्थ नाइटमध्ये सर टोबी सल्ला देतो की आव्हानाच्या पत्रात प्रतिस्पर्ध्याला तीनेकदा 'थाऊ' कर. 'थाऊ' तिथे क्रियापद म्हणून येतो, आणि त्याला मराठीत तयार शब्द आहे: अरेतुरे करणे. म्हणून संवाद भाषांतरित करताना 'यू'वरून 'थाऊ'वर उडी कुठे पडली ते अधोरेखित करा. तिथे राग, प्रेम किंवा तुच्छता बदललेली असते, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर येऊन ती जशीच्या तशी पकडता येते.

कायद्याच्या दस्तातल्या शब्दांना स्वतः प्रतिशब्द बनवू नका. 'मेसुएज' म्हणजे घर आणि त्याचे आवार, 'इंडेंचर' म्हणजे करारपत्र, 'विटनेसेथ' म्हणजे 'हा लेख साक्ष देतो की', इतके समजून घेण्यापुरते ठीक. सही करण्यापूर्वीचा अर्थ मात्र वकिलाकडूनच लावून घ्या. तिथे शब्दकोशापेक्षा कायदा आणि निकाल मोठे.

## ९. नोंद पुरी करा

भरलेली नोंद कशी दिसते हे पाहायला आपला पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असे शब्द आहेत.

वाक्य: वाहकाला मोकळेपणी जाऊ द्यावे, 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स', आणि त्याला लागेल ते साहाय्य व संरक्षण 'अफोर्ड' करावे. मजकुराचा प्रकार: सरकारी विनंतीपत्र, छपाई आजची, शब्दरचना जुन्या साच्यातली. मूळ रूप: 'लेट', नाम. इथेच सहाव्या टप्प्याची किंमत कळते. 'लेट' नावाची दोन वेगळी क्रियापदे इंग्रजीत होती. एकाचा अर्थ होऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. उच्चार एक झाला, अर्थ परस्परविरोधी राहिले. दुसरे मागे पडले आणि अशा ठरीव शब्दप्रयोगांत उरले. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की पंच 'लेट' म्हणतो, तोही हाच. अर्थ: अडथळा. 'हिंडरन्स'ही अडथळाच; कायद्याच्या भाषेत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने येतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी शोधू नयेत. दुसरा पुरावा: त्याच पानावरच्या हिंदी मजकुरातले 'बिना रोक-टोक'. प्रतिशब्द: 'विनाअडथळा', किंवा हिंदीसारखी जोडी हवी असेल तर 'आडकाठी न करता'.

त्याच वाक्यातल्या 'अफोर्ड'ची वेगळी नोंद करा. परवडणे नव्हे, देणे, पुरवणे.